गाण्यातून चिनी : कानाला काय मिळतं, काय निसटतं

सूर : मँडरिनमध्ये चार सूर, शिवाय एक हलका, आघात नसलेला. 'मा' म्हणजे सुराप्रमाणे आई, ताग, घोडा किंवा रागावणे.

गाताना : चाल या सुरांवर मात करते. 'श्वेइच्याओ' एका सुरात झोपणे, दुसऱ्यात उकडलेलं डंपलिंग. गाण्यात फरक कळतो तो संदर्भावरून. म्हणून गाण्यातून शब्द आणि वाक्यरचना घ्यावी, सूर बोलण्यातूनच.

कँटोनीज वेगळी : हाँगकाँगच्या या भाषेत सहा सूर. तिथला गीतकार चालीच्या चढउताराला जुळणारेच शब्द निवडतो.

सुरुवात कोणापासून : तैवानची गायिका तेरेसा तेंग (1953–1995). संथ लय, स्वच्छ उच्चार. तिच्या 1983च्या एका अल्बममध्ये मात्र जुन्या कवितांना चाली आहेत. त्यातली एक सू शी या कवीची, 1076 सालची. ऐकायला सुरेख, पण ती भाषा आज बाजारात चालत नाही! गायक जे चौचा पहिला अल्बम 2000चा; त्याचे पुटपुटते उच्चार चिनी श्रोत्यांनाही कोड्यात टाकतात.

लिपी : तैवान, हाँगकाँगच्या गाण्यांचे शब्द पारंपरिक चित्रलिपीत, चीनमध्ये सुलभ लिपीत. फिनयिन ही रोमन लेखनपद्धती 1958पासून; सुरांची चिन्हं तिच्यात दिसतात.

तो की ती? : दोघांनाही 'था'च. फरक फक्त लिहिताना. नुसतं ऐकून कळत नाही.