‘निर्वासित’ या शब्दातील अनुक्त कर्ता : वळिवडे येथील पोलिश छावणीच्या निमित्ताने

कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळिवडे हे गाव आहे. त्याला लागून असलेली गांधीनगरची पेठ आज घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती वसविली, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ही कुटुंबे ज्या बराकींत प्रथम राहिली त्या मुळात त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या, हे थोड्यांसच ठाऊक असते. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिकांची छावणी होती, आणि त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. या दोन्ही समूहांस मराठीत एकच शब्द लागू पडतो : निर्वासित. युद्धकाळात नागरिकांवर झालेल्या अत्याचारांस आंतरराष्ट्रीय समाजाने कसा प्रतिसाद दिला, याचा विचार प्रस्तुत लेखात या एका शब्दाच्या आधारे करावयाचा आहे.

‘निर्वासित’ हे निर् उपसर्गपूर्वक वस् या धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झालेले कर्मणी धातुसाधित होय. ‘जो घर सोडून गेला तो’ असा त्याचा अर्थ नसून ‘ज्यास घराबाहेर काढण्यात आले तो’ असा आहे. काढणारा कोणीतरी आहे, हे शब्दाच्या घडणीतच गृहीत आहे. मात्र कर्मणी रचनेत कर्त्याचा उल्लेख आवश्यक नसल्यामुळे तो अनुक्त राहू शकतो. याउलट ‘शरणार्थी’ हा शब्द मागे पाहतच नाही. आश्रयाची इच्छा करणारा, एवढेच तो सांगतो. आपण हे शब्द पर्याय म्हणून योजतो. वस्तुतः त्यांतून दोन निराळे प्रश्न निघतात. याला आश्रय कोण देणार, हा एक. आणि याला घराबाहेर कोणी काढले, हा दुसरा.

वळिवड्याच्या छावणीपुरते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात स्पष्ट आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून व सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व भागातील नागरिकांना सोव्हिएत शासनाने १९४० च्या फेब्रुवारी, एप्रिल व जून महिन्यांत आणि पुन्हा १९४१ च्या उन्हाळ्याच्या आरंभी मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत नेले. पुढे खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांनुसार त्यांची संख्या सुमारे ३ लक्ष २० हजार भरते. पूर्वीचे अंदाज याहून बरेच मोठे होते. एप्रिल १९४० मध्ये नेलेल्यांत अटकेत असलेल्या अधिकाऱ्यांची व कैद्यांची कुटुंबे प्रामुख्याने होती. अपराध कोणताही नव्हता. अमक्याची पत्नी किंवा तमक्याचे अपत्य असणे एवढेच कारण पुरेसे झाले.

जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर परिस्थिती पालटली. जुलै १९४१ मध्ये पोलंडच्या लंडनस्थित सरकारशी सोव्हिएत संघाचा करार झाला आणि १२ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने या लोकांची सुटका झाली. या हुकुमात सुटकेसाठी योजलेला शब्द ‘सार्वत्रिक माफी’ या अर्थाचा होता. माफी ही अपराध्यास मिळते. तेव्हा ज्याने अन्याय केला त्यानेच सुटकेच्या शब्दात पीडितास अपराधी ठरविले, असे येथे म्हणावे लागते.

आपल्या रत्नागिरीस हद्दपारी अपरिचित नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिला. परंतु त्या प्रकरणात हद्दपार झालेली व्यक्ती आणि तिला हद्दपार करणारे सरकार ही दोन्ही नामनिर्दिष्ट आहेत. संबंध वस्तीच्या वस्ती उठविल्या जातात तेव्हा माणसांची नावे संख्येत लोपतात, आणि त्यांच्याबरोबर कर्त्याचे नावही लोपण्याची सोय होते.

१९४२ मध्ये सुमारे १ लक्ष १५ हजार पोलिश सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. तेथून नागरिकांची पाठवणी भारत, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको इत्यादी ठिकाणी झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला. ती छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील अनेक मुले वळिवड्यास आली. वळिवड्यास शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते. पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर निःसंशय उदार होते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मौन पाळले गेले. एप्रिल १९४३ मध्ये कातिन येथे पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडल्याचे जर्मनीने जाहीर केले. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडून चौकशीची मागणी केली, तेव्हा सोव्हिएत संघाने त्या सरकारशी संबंधच तोडले. ब्रिटन व अमेरिका यांना सोव्हिएत सैन्याची गरज होती. त्यांनी प्रश्न वाढविला नाही. ऑगस्ट १९४५ च्या न्यूरेम्बर्ग सनदेत नागरिकांची हद्दपारी हा युद्धगुन्हा व मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून नमूद झाला. परंतु ती सनद केवळ युरोपीय अक्षराष्ट्रांच्या बाजूने कार्य करणाऱ्यांस लागू होती, आणि न्यायासनावर सोव्हिएत न्यायाधीशही होते. कातिनचा आरोप जर्मनांवर ठेवण्यात आला व निकालपत्रात त्याचा उल्लेखही आला नाही. सोव्हिएत संघाने ही जबाबदारी १९९० मध्ये मान्य केली. दरम्यान याल्टा येथील निर्णयाने पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघात गेला आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातील अनेकांचे गाव आता ज्याने त्यांना घराबाहेर काढले त्याच राज्यात होते. परत जायचे कोठे, हा प्रश्न आश्रयाने सुटणारा नव्हता.

तथापि या अनुभवातून काहीच निष्पन्न झाले नाही असे म्हणता येणार नाही. १२ ऑगस्ट १९४९ रोजी, म्हणजे त्या ‘माफी’च्या हुकुमानंतर बरोबर आठ वर्षांनी, चौथा जिनिव्हा करार झाला. व्याप्त प्रदेशातून नागरिकांची सक्तीची हद्दपारी, हेतू कोणताही असो, त्याच्या ४९ व्या कलमाने निषिद्ध ठरली. भारताने १९६० च्या कायद्याने जिनिव्हा करार देशात अमलात आणले. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात मात्र तो सामील झालेला नाही. १९९८ च्या रोम संविधीने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय निर्माण केले, त्याचाही भारत सदस्य नाही. मार्च २०२३ मध्ये या न्यायालयाने युक्रेनमधील मुलांच्या बेकायदा हद्दपारीच्या आरोपावरून रशियाचे राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांच्या विरुद्ध अटकेचे वॉरंट काढले. त्याची अंमलबजावणी होईल किंवा न होईल. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर अनुक्त कर्ता येथे उक्त झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास पुष्पांजली वाहिली. आश्रयदात्याचे स्मरण पोलिश जनतेने अशा रीतीने जतन केले, ही गोष्ट कोणाही मराठी माणसास समाधान देणारी आहे. पण केवळ त्या समाधानावर थांबणे अभ्यासकास शोभणार नाही. ‘अमुक हजार लोक निर्वासित झाले’ असे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो व प्रबंधातही लिहितो. ‘झाले’ या क्रियापदाने तर मूळ शब्दातील प्रयोजकाचा उरलासुरला मागमूसही पुसला जातो. जणू पूर यावा किंवा पाऊस पडावा तसे ते घडले. असे वाक्य लिहिताना ‘कोणी केले?’ हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. उत्तर गैरसोयीचे असले तरी ते वाक्यात आले पाहिजे. कारण कर्ता वाक्यातूनच गळाला, तर न्यायासनासमोर कोणास उभे करावयाचे हे सांगणारे कोणी उरत नाही.