फोटोतल्या बाईमागची मोटार

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्याबरोबर जुन्या फोटोंची पिशवीही. मग झाडू भिंतीला टेकतो आणि अर्धा तास कुणाचाच हात कामाला लागत नाही. “ही कोण गं?” “आत्याबाई असतील.” “छे! त्या इतक्या बारीक कधी होत्या?” फोटो उलटून पाहावा, तर मागे ना नाव, ना साल. पुरुषांची नावे निदान कुणाला तरी आठवतात. बायकांचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी नुसते “काकू” नाहीतर “वहिनी”. मग ओळख पटायची कशी?

अशा वेळी, मैत्रिणींनो, चेहरा थोडा बाजूला ठेवा आणि मागची मोटार बघा. पूर्वी मोटारीपाशी उभे राहून फोटो काढून घ्यायची फार हौस. मोटार स्वतःचीच असायला हवी असेही नाही. डॉक्टरांची, वकिलांची, लग्नाला आलेल्या पाहुण्यांची, कुणाचीही चाले.

मात्र एक गोष्ट आधीच पदराला गाठ मारून ठेवा. मोटार सांगते ते “फोटो याच्या आधीचा नाही” एवढेच. १९५८ साली घेतलेली गाडी १९८० सालच्या वरातीतही मिरवली असेल. आपल्याकडे गाडी काय, मिक्सर काय, मोडेपर्यंत वापरायचा!

पुढचे दोन दिवे गाडीच्या अंगापासून सुटे, वाडग्यांसारखे बसवलेले, चाकांवर वेगळी कमानदार मडगार्डे, दाराखाली लांब पायरी आणि स्टेपनी बाहेर टांगलेली, अशी गाडी दिसली तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची घडण. मुंबईला शिवडीत १९२८ पासून शेवरलेट गाड्या जुळवल्या जात. पुढे दिवे मडगार्डात शिरले, मग मडगार्डेही गाडीच्या अंगात मिसळून गेली आणि पायरी नाहीशी झाली.

आपल्या बहुतेकींच्या फोटोंत असतात त्या दोनच गाड्या, अँबॅसडर आणि फियाट. अँबॅसडर आली १९५७ च्या सुमारास. तिच्या आधी, १९५४ पासून, लँडमास्टर होती आणि दोघींत गल्लत फार होते. मागची बाजू दिसत असेल तर बघा. लँडमास्टरची पाठ गोल उतरती असते, अँबॅसडरच्या मागच्या कडा जरा वर उचललेल्या असतात, आणि तिच्या बॉनेटवर पन्हळीसारखा खोलगटपणा असतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० आली १९५४ साली. मुंबईकरांनी तिचे नाव ठेवले “डुक्कर फियाट”. खरेच तशी गुबगुबीत होती बिचारी! तिची खूण अगदी सोपी आहे. पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटे उघडते. साठीच्या दशकात दारे सुलटी झाली. त्यानंतरच्या फियाटचा, म्हणजे १९७४ पासून जिला पद्मिनी म्हणू लागले तिचा, तोंडवळा शेवटपर्यंत फारसा बदलला नाही, म्हणून नुसत्या आकारावरून तिचे साल काढायच्या भानगडीत पडू नका.

या उलट्या दाराने एका घरात काय केले, ते सांगते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात आजोबांची दोन लग्ने झालेली. थोरली १९४९ साली बाळंतपणात गेली. तिचा एकच फोटो म्हणून नातवंडांनी तो मोठा करून घेतला, चौकट घातली, आणि दर पितृपक्षात त्याला हार घालू लागली. फोटोत नऊवारीतली तरुण बाई गाडीच्या उघड्या दारावर हात ठेवून उभी आहे. धाकट्या सुनेने एकदा काच पुसताना नीट पाहिले. दार उलटे उघडलेले! गाडी होती डुक्कर फियाट. १९४९ साली गेलेली बाई १९५४ नंतरच्या गाडीला हात लावील कशी? फोटो धाकटीचा, म्हणजे त्यांच्या सख्ख्या आजीचाच, ऐन तारुण्यातला. म्हातारपणी वाळून गेलेल्या आजीचा हा भरल्या अंगाचा फोटो कुणी ओळखला नव्हता. थोरलीचा फोटो ते अजून शोधताहेत.

आता नंबराची पाटी. एमएच आणि मग १२ किंवा १५ असा आकडा असेल, तर फोटो १९८९ नंतरचाच. त्यापूर्वी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत. पाटी बारीक असेल तर मोबाइलवर फोटोचा फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून बघा. पाटीवरची अक्षरे उलटी दिसली तर फोटोच उलटा छापलेला आहे असे समजा. मग डाव्या-उजव्या बाजूला कोण उभे आहे याचा सगळा हिशोब फिरतो.

विमान असेल तर काम कधीकधी आणखी सोपे. शेपूट जमिनीला टेकवून नाक वर करून बसलेले, दोन पंख्यांचे विमान बहुधा डकोटा. शेपटीवर तीन उभे पंख असतील तर ते कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाने १९४८ च्या जूनमध्ये मुंबई-लंडन फेरी सुरू केली ती याच विमानाने. ते विमान होते “मलबार प्रिन्सेस”, अंगावर अक्षरे व्हीटी-सीक्यूपी. ३ नोव्हेंबर १९५० ला ते आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँवर कोसळले. तेव्हा त्याच्या शिडीशी हार घातलेले तुमचे कुणी काका उभे असतील, तर फोटो १९४८ ते १९५० मधलाच. मोटार कधी देत नाही ती दुसरी मर्यादाही इथे मिळते. पंख्यांऐवजी पंखांखाली चार जेट इंजिने असलेले बोईंग ७०७ एअर इंडियाकडे १९६० मध्ये आले, आणि पुढे डोक्यावर उंचवटा असलेले, खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेले जंबो १९७१ मध्ये.

हो, पण जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याची विमाने आणि मोटारीही असत बरं का! नवरा-बायको विमानात बसली आहेत आणि विमानाला चाकेच नाहीत, असे दिसले तर सालाचा विचार सोडा आणि दोघांचे चेहरे बघा. किती खूश असतात!

घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटो दाखवताना “ही कोण?” असे एकदम विचारू नका. “ही गाडी कुणाची हो?” असे विचारा. गाडी आठवली की गाडीवाला आठवतो, तो कुणाच्या लग्नाला आला होता ते निघते, आणि हळूहळू नवरीचे नाव ओठांवर येते. ते त्याच दिवशी फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात. आणि सासरचे नाव लिहाल तेव्हा शेजारी माहेरचेही लिहा.