बंदुकीचा कागद आणि डुकराचा कागद

भुईमूग काढायला आठ दिवस उरलेले असतात. शेंग भरलेली असते. घरात सोसायटीच्या कर्जाचा हिशेब चाललेला असतो. आणि एका रात्रीत रानडुकरांचा कळप येतो. सकाळी जाऊन पाहावं, तर नांगर फिरवल्यासारखं रान उकरलेलं. वेल उपटून उलटे पडलेले. शेंगा फस्त.

पाटण, जावळी, शिराळा या डोंगराकडच्या तालुक्यांत हे कुणाला नव्यानं सांगायला नको. कुठे भुईमूग जातो, कुठे मका, कुठे भात. महाबळेश्वराकडे गवा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून चालत जातो. तो खातो थोडं आणि तुडवतो फार. सागरेश्वराच्या पायथ्याच्या गावांना हरणांचा त्रास आहे. सागरेश्वरचं जंगल माणसांनी झाडं लावून उभं केलं. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. १९८५ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर. तिथे हरणं सोडली, ती वाढली. भोवती कुंपण आहे. पण कुंपण मोडलं की हरणाला शेत आणि जंगल सारखंच.

पीक गेलेल्या सकाळी माणसाला पहिली आठवण होते ती बंदुकीची. "आज रातच्याला येऊ देत, एकेकाला लोळवतो!" हा राग खोटा नाही. ज्याचं पीक जातं त्यालाच त्याचं दुखणं कळतं. पण बंदुकीला हात घालण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ती न कळल्यामुळे चांगली कष्टाळू माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

एक शेतकरी आणि फॉरेस्टचा गार्ड यांचं बोलणं असं चालतं :

"साहेब, माझ्याकडं लायसन हाय. सरकारनंच दिलंय न्हवं? मग माझ्या रानात आलेलं डुक्कर मारलं, तर बिघडलं कुठं?"

"आबा, लायसन हाय ते बंदुकीचं. डुकराचं न्हाई."

गार्ड बरोबर बोलला. कागद एक नाही, दोन लागतात. बंदूक जवळ ठेवायला एक कागद. जनावर मारायला दुसरा. पहिला कागद कलेक्टर कचेरीतून मिळतो. दुसरा वनखात्याकडून. पहिला आहे म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. आणि दुसरा मिळाला म्हणून बिनपरवान्याची बंदूक चालत नाही.

आधी बंदुकीचा कागद पाहू.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि इथल्या माणसाच्या हातातली हत्यारं काढून घेतली. स्वराज्य आल्यावर १९५९ साली नवा कायदा झाला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण कायदा आजही तोच आहे. शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट त्यात मुद्दाम लिहिली आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरतात ती. एक बार उडाला की पुन्हा भरायला वेळ लागतो. तेवढ्यानं राखण होणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते.

परवाना माणसाच्या नावावर असतो. घराच्या किंवा भावकीच्या नावावर नसतो. शेजारी म्हणाला, "दादा, आजची रात बंदूक द्या," तरी द्यायची नाही. आजोबा वारले आणि बंदूक आढ्याला टांगलेली राहिली, असं पुष्कळ घरांत होतं. नातवाला वाटतं, ही तर घरचीच वस्तू. कायद्याला तसं वाटत नाही. ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या बंदूक-दुकानदाराकडे जमा करावी लागते. वारसाला हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. परवान्याची मुदत संपण्याआधी तो नवा करून घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत ५ वर्षांची आहे. निवडणुकीत बंदूक जमा करा असा हुकूम आला तर ती जमा करून पावती जपून ठेवायची. बिनपरवान्याची बंदूक सापडली तर २ ते ५ वर्षांची कैद आणि दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

आता जनावराचा कागद.

पूर्वी शिकारीचे परवाने मिळत. १९५१ साली मुंबई राज्यानं रानटी जनावरं आणि पक्षी यांच्यासाठी कायदा केला होता. तेव्हा सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. त्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून सांगतात, आणि ऐकणाऱ्या पोरांना वाटतं की आजही तसंच असेल. तसं नाही. १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्यजीव कायदा झाला. १९९१ साली त्यात दुरुस्ती होऊन शिकारीचे परवानेच बंद झाले. हौसेची शिकार तेव्हापासून संपली. सणाला जाळी आणि कुत्री घेऊन सशामागे धावायचं, हीही शिकारच. ससा लहान आहे म्हणून गुन्हा लहान होत नाही.

या कायद्यात जनावरांच्या याद्या आहेत. बिबट्या, गवा, काळवीट, मोर हे पहिल्या यादीत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. रानडुक्कर दुसऱ्या यादीत आहे. दुसऱ्या यादीतलं जनावर उभ्या पिकाला धोका करत असेल, तर वनखात्याचा अधिकारी ते मारण्याचा हुकूम देऊ शकतो. हुकूम लेखी असावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. रानडुक्कर आणि रोही या दोन जनावरांबाबत महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली पद्धत घालून दिली. म्हणून पीक जात असेल तर रेंजरच्या कचेरीत अर्ज करावा. तोंडी "मारा, मी बघतो" असं कुणी म्हणालं, तर त्यावर जाऊ नये. कोर्टात तोंडी शब्द सापडत नाही. हुकुमात जे जनावर, जी जागा, जी मुदत लिहिली असेल, तेवढीच धरायची. मेलेलं जनावर सरकारजमा होतं. त्याचे वाटे घालता येत नाहीत.

अंगावर जनावर आलं आणि जीव वाचवण्यासाठी ते मारावं लागलं, तर तो गुन्हा नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण ते लपवू नये. लगेच वनखात्याला कळवावं.

हे सगळं ऐकून काही जण म्हणतात, कागदाच्या भानगडीत कोण पडतो? आणि मग रात्री गुपचूप तीन गोष्टी केल्या जातात. तिन्ही वाईट आहेत. कायद्याचं राहू द्या बाजूला, आपल्याच माणसांच्या जिवासाठी वाईट आहेत.

पहिली फासकी. मोटारसायकलच्या क्लचची तार घेऊन डुकराच्या वाटेवर फास लावतात. फासाला डुक्कर कोण आणि बिबट्या कोण हे कळत नाही. बिबट्या कमरेला अडकला की रात्रभर ओढाताण करतो. सकाळी वैरणीला गेलेली बाई नेमकी त्याच्यापुढे येते. तार कधी तुटेल याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळा. दारू भरलेला गोळा पिठात किंवा चरबीत घोळून बांधावर टाकतात. डुक्कर चावलं की स्फोट होतो, जबडा उडतो. पण तो गोळा गाय चावते, कुत्रा चावतो, आणि पोरं चेंडू समजून उचलतात. केरळात २०२० च्या मे महिन्यात एका गाभण हत्तिणीच्या तोंडात असाच स्फोट झाला. ती नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. देशभर हळहळ झाली. आपल्याकडे मरतात त्या गाईंची बातमी तालुक्याबाहेर जात नाही, एवढाच फरक.

तिसरी गोष्ट सगळ्यांत घातकी. खांबावरच्या विजेवर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडायची. दिसायला सोपं, खर्च नाही. पण पहाटे पाणी सोडायला जाणारा शेजारी त्याच तारेला चिकटतो. कधी तार लावणाऱ्याचा स्वतःचा मुलगाच चिकटतो. रात्री तार लावली आणि सकाळी काढायची विसरली, एवढी चूक माणूस मरायला पुरते. मग वीजचोरीचा गुन्हा वेगळा आणि माणूस मेल्याचा गुन्हा वेगळा.

लेखी हुकूम हातात असला तरी रात्रीचा बार हा जोखमीचा. २०२५ सालच्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात काही गावकरी डुकराच्या शिकारीला रानात गेले होते. डुक्कर समजून बार टाकला, तो सोबत्यालाच लागला. माणूस मेला. भ्यालेल्या सोबत्यांनी प्रेत झुडपात दडवलं. पोलिसांनी ते शोधून काढलं. उसात काही हललं म्हणून बार टाकायचा नसतो. उसात पाणी धरणारा गडीही हलतो. जनावर पुरतं दिसलं पाहिजे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसलं पाहिजे. घर, वाट, वस्तीचा दिवा मागे असेल तर चापावर बोट ठेवू नये. बंदूक घरात ठेवताना रिकामी ठेवायची. दारूगोळा वेगळ्या जागी, कुलपात. रिकामी आहे असं वाटलं तरी नळी माणसाकडे करायची नाही. आणि दारू प्यालेल्या माणसानं बंदूक हातात घेऊच नये, मग तो कितीही मोठा निशाणबाज असो.

आता कुणी विचारील, एवढं करून डुकरं मारली तर त्रास संपेल का? दोन-चार मारून संपत नाही. रानडुकरीण सुमारे चार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. शिवाय दाट ऊस, घाणेरीची झुडपं आणि ओढ्याकाठची गचपण असली, की त्यांना दिवसा लपायला गावाशेजारीच जागा मिळते. डुकरांची संख्या आवरणारे खरे राखणदार म्हणजे बिबट्या आणि कोळसुंदे. सह्याद्रीत ते आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो याच डोंगरात. फासकीत बिबट्या मेला, की डुकरं खाणारा एक कमी झाला. म्हणजे फासकी लावणारा आपल्याच पिकाचं नुकसान वाढवतो.

गव्याचं आणखी वेगळं. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, पण स्वभावानं भित्रा. २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा शिरला. मागे माणसांची गर्दी लागली, तो सैरावैरा धावला, जखमी झाला आणि पकडल्यावर मेला. गवा दिसला तर मागे धावू नये, मोबाइलवर चित्र काढायला जवळ जाऊ नये. त्याला डोंगराकडची वाट मोकळी ठेवावी. तो आपण होऊन जातो.

मग राखण करावी कशी? एकट्याची राखण टिकत नाही. दहा रात्री जागून अकराव्या रात्री डोळा लागतो, आणि डुकरं अकराव्या रात्री येतात! शिवारातल्या सात-आठ जणांनी पाळी लावली, तर एकाला आठवड्यात एकच रात्र पडते. माळा, गोफण, डबा, बॅटरी या जुन्या गोष्टी अजून उपयोगी आहेत. जुन्या लुगड्यांचं कुंपण काही दिवस चालतं. मग डुक्कर त्याला सरावतं. बांधालगतची झुडपं काढली तर त्यांची लपायची जागा जाते.

सौर कुंपण हा यांतला चांगला उपाय. त्याचं यंत्र बॅटरीवर चालतं. ते तारेत थांबून थांबून, क्षणभराचा झटका सोडतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. माणसाचा हात लागला तरी जीव जात नाही. मात्र यंत्र याच कामाचं हवं. घरातली वीज त्या तारेला कधीही जोडायची नाही. जंगलाजवळच्या गावांना अशा कुंपणासाठी सरकारी अनुदानाच्या योजना असतात. आपल्या गावाला लागू आहे का, हे गार्डाला विचारावं. तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो, म्हणून तारेखालचं गवत कापत राहावं लागतं. कुंपण घालून विसरून गेलेले शेतकरीच पुढे "ह्यानं काय होत न्हाई" असं म्हणताना दिसतात.

एवढं करूनही पीक गेलं, तर भरपाई मागावी. रानडुक्कर, हरीण, गवा, रोही, माकड, वानर, हत्ती यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मिळते. ती पुष्कळदा उशिरा मिळते, आणि गेलेलं सगळं त्यातून भरून येत नाही, हे खरं आहे. म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. पण अर्ज नाही म्हणजे सरकारच्या वहीत नुकसानही नाही. मग त्या गावाला कुंपण मागताना दाखवायला काही राहत नाही.

नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत गार्डाला किंवा रेंजरच्या कचेरीला लेखी कळवावं आणि अर्जाची पोच घ्यावी. वनखात्याचा फोन १९२६ हा आहे. पंचनामा होईपर्यंत रान नांगरू नये, पावलांचे ठसे पुसू नयेत, मोबाइलवर चित्रं काढून ठेवावीत. बिबट्यानं शेळी किंवा वासरू मारलं तर दोन दिवसांच्या आत कळवावं. मढं जागेवरून हलवू नये, आणि त्यावर विष तर मुळीच टाकू नये.

सातबारा जवळ ठेवावा. पंचनामा लिहून झाला की सही करण्याआधी तो स्वतः वाचावा. पिकाचं नाव बरोबर आहे का? जनावराचं नाव लिहिलं आहे का? क्षेत्र किती लिहिलं आहे? वीस गुंठे गेले असतील आणि कागदावर दोन गुंठे असतील, तर तिथेच सांगावं, "साहेब, हे दुरुस्त करा." दुरुस्ती झाल्यावर पुन्हा वाचावं आणि मग सही करावी.