डोंगर राखला तर ऊस राखला



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, लागणीचं अंतर, खोडव्याचं खत अशा गोष्टी बोलतो. या वेळी विषय डोंगराचा आहे, आणि डोंगर राखायला पगाराशिवाय पुढं येणाऱ्या माणसांचा आहे. "आम्हाला उसाचं सांगा, जंगल बघायला फॉरेस्टवाले आहेत की," असं कुणी म्हणेल. पण लेख शेवटपर्यंत वाचा. हा विषय उसाचाच आहे हे आपोआप ध्यानात येईल.

पाचगणीचं पठार

पाचगणीला आपल्यापैकी बरेच जण पोरांना नाहीतर पाहुण्यांना घेऊन गेले असतील. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. टेबललँडच्या कडेला उभं राहिलं की खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. आपण घोडी बघतो, फोटो काढतो, मक्याचं कणीस खातो आणि परत येतो. पायाखाली काय आहे ते मात्र कुणी बघत नाही.

पायाखाली जांभा खडक आहे. हा खडक सच्छिद्र असतो. पावसाचं काही पाणी तो पोटात मुरवतो आणि कडेच्या झऱ्यांतून हळूहळू खाली सोडतो. म्हणजे कृष्णामाईच्या धरणांआधी निसर्गानं वर बांधलेली ही टाकीच समजा. तिच्यावर मातीचा थर बोटभर, त्यामुळं तिथं गवत आणि पावसाळी फुलंच येतात. त्यातली काही फुलझाडं सह्याद्रीबाहेर जगात कुठं सापडत नाहीत. अशा जागी गाडी घातली, प्लास्टिक टाकलं, माती उकरली तर ती पुन्हा भरून यायला कित्येक पिढ्या जातात. म्हणूनच महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारनं २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला.

इथं एक धडा घेण्यासारखा आहे. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजानं पाचगणी वसवली आणि परदेशी झाडं आणून लावली. आज उंच सरळ दिसणारा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. झाड देखणं आहे, पण आपल्या पाखरांना आणि किड्या-मुंग्यांना जांभूळ, उंबर, हिरडा यांची जी सवय, ती त्याच्याशी नाही. आपण भारी काळ्या रानात एक जात लावतो, हलक्या रानात दुसरी. शेजाऱ्यानं लावली म्हणून कुठलीही जात कुठंही लावत नाही. डोंगराचंही तसंच. पठारावर गवतच राहू द्यावं, उतारावर तिथलीच झाडं लावावीत. श्रमदानाला जाताना खोरं-पाटीबरोबर एवढं ज्ञानही सोबत न्यावं.

कासचे गावकरी

साताऱ्याजवळच्या कास पठाराचं नाव आता जगभर झालं आहे. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास आहे. नाव झालं तशी गर्दी लोटली आणि फुलं तुडवली जाऊ लागली. तेव्हा आसपासच्या गावांनी वन खात्याबरोबर समित्या केल्या. त्या गावांतलीच पोरं हंगामात वाट दाखवतात, गाड्या लावून घेतात, कचरा उचलतात, फुलांत शिरणाऱ्याला अडवतात. येणाऱ्यांकडून शुल्क घेतलं जातं, त्यातून गावच्या हाताला काम मिळतं. सहकार याहून वेगळा काय असतो? चार गावांनी एकत्र येऊन आपल्या ठेव्याची राखण करायची आणि त्याचं फळही वाटून घ्यायचं.

माणसांनी उभं केलेलं जंगल

आता आपल्या अगदी बांधाजवळ या. सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या हद्दी मिळतात तिथं सागरेश्वर अभयारण्य आहे. पायथ्याला सागरेश्वराचं जुनं देऊळ, शेजारी देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. अभयारण्याचं क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे एक हजार हेक्टरांच्या थोडं वर. वाघाच्या जंगलापुढं हे काहीच नाही. पण त्याची थोरवी वेगळी आहे. हे जंगल माणसांनी उभं केलेलं आहे.

हे डोंगर एकेकाळी बोडके होते. मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला की इथं झाडी झाली पाहिजे आणि झाडीत जनावरं फिरली पाहिजेत. लोकांना गोळा केलं, सरकारदरबारी पाठपुरावा केला, झाडं लावली आणि मुख्य म्हणजे जगवली. हरणं बाहेरून आणून सोडली गेली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. आज तिथं चितळ, सांबर, काळवीट आणि मोर नांदतात. मोहित्यांना लोक 'वृक्षमित्र' म्हणून ओळखू लागले. रोप लावणं एका दिवसाचं काम. ते जगवणं हे खोडवा राखण्यासारखं आहे. लागणीला सगळे हजर असतात, खोडव्याला मालक एकटाच असतो.

दुखणं कुठं आहे

आता कडू बोलतो. सागरेश्वरच्या कडेच्या शेतकऱ्याला हे कौतुक ऐकवलं तर तो म्हणतो, "साहेब, हरणं तुम्हाला गोड, आम्हाला नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. जिथं पूर्वी ज्वारी-बाजरी होती तिथं ताकारी उपसा योजनेचं पाणी फिरलं आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस गेला. उन्हाळ्यात वर चारा-पाणी आटतं, खाली हिरवंगार रान दिसतं. कुंपण कुठं तुटलं असेल तिथून जनावर उतरतं आणि कोवळी लागण खाऊन जातं. कराड-शिराळ्याकडं बिबट्याची मादी उसात पिलं घालते, तिथं तोडणीच्या टोळीला जिवाची धास्ती.

म्हणून माझं मत असं की डोंगर राखायचं काम शहरातल्या हौशी मंडळींवर सोडून चालणार नाही. ते रविवारी येतील आणि संध्याकाळी परत जातील. हरणाच्या खुराचा माग पहिल्यांदा दिसतो तो कडेच्या शेतकऱ्याला. वणव्याचा धूर पहिल्यांदा दिसतो तोही त्यालाच. स्वयंसेवक म्हणून पहिला हक्क त्याचा आहे, आणि नुकसानभरपाईवरही पहिला हक्क त्याचाच. एक मागायचं आणि दुसरं सोडायचं असं होऊ नये.

आपण काय करायचं

पहिलं, पाचट पेटवू नका. जमिनीसाठी हे मी कायम सांगतोच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट म्हणजे घरचं सेंद्रिय खत. पण डोंगराकडेच्या सभासदांना दुसरंही कारण आहे. वाऱ्याच्या दिवशी बांधावरची ठिणगी गवतात जाते आणि वीस वर्षांची झाडं दुपारभरात जातात. पाचट सरीत दाबा, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका.

दुसरं, वणव्याचे दिवस सुरू होण्याआधी वन खात्याच्या माणसांबरोबर जाळपट्टे काढायला गावातून दहा-वीस माणसं द्या. एका दिवसाचं काम आहे.

तिसरं, उन्हाळ्यात डोंगरातले पाणवठे भरायला हात लावा. ज्याच्याकडं टँकर आहे त्यानं एक खेप द्यावी. वर पाणी असलं तर जनावर खाली उतरायचं प्रमाण कमी होतं. हा धर्म तर आहेच, हिशेबही आहे.

चौथं, कुंपण तुटलेलं दिसलं की त्याच दिवशी कळवा. पीक खाल्लं तर वन खात्याकडं ताबडतोब अर्ज करा आणि पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवा. नुसती पारावर तक्रार करून पैसे मिळत नाहीत.

पाचवं, तोडणीत बिबट्याची पिलं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. मुकादमानं तेवढ्या भागातली तोड थांबवावी आणि वन खात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पिलं जागेवर राहिली तर बहुधा मादी रात्री येऊन नेते. पिलं हलवली तर ती चवताळून शिवारात फिरते.

यातली कुठलीही गोष्ट एकट्याची नाही. आपल्या बापजाद्यांनी शेअरचे पैसे जमवून कारखाना काढला, तेव्हाही एकट्याच्यानं होणारं काम नव्हतं. धुराडं उभं राहिलं ते सगळ्यांनी हात लावला म्हणून. डोंगराचा शेअर कुणाच्या नावावर नाही, पण त्याचा लाभांश पाण्याच्या रूपानं आपल्या पाटात रोज येतो. तेव्हा यंदा प्रत्येक गटातून निदान दहा नावं शेतकी खात्याकडं किंवा आपल्या चिटबॉयकडं नोंदवावीत. दिवस ठरला की निरोप देऊ. खोरं-पाटी घेऊन यावं, जेवणाची शिदोरी आपली आपण आणावी, आणि पोरांना बरोबर आणायला विसरू नये.

— ऊस विकास अधिकारी