शंख उजवा की डावा?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शंख असेल. हा शंख म्हणजे एका प्राण्याने स्वतःसाठी बांधलेले घर होय. त्या घराची रचना नीट पाहता आली, तर बाजारातली एक मोठी फसवणूकही ओळखता येते. कशी, ते पाहू.

शंखाचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. लॅटिन भाषेत 'पायरम' म्हणजे पेअर नावाचे फळ. शंखाचा आकार त्या फळासारखा, एका बाजूला फुगीर व दुसरीकडे निमुळता असतो. हा प्राणी गोगलगायीचा समुद्रातील भाऊबंद आहे. पोटाखालच्या मांसल पायावर तो सरपटतो, म्हणून त्याच्या वर्गाला उदरपाद म्हणतात.

घर कसे वाढते?

प्राण्याच्या अंगाभोवती प्रावार नावाची त्वचेची घडी असते. ती कॅल्शियम कार्बोनेट स्रवते व शंखाच्या मुखाच्या कडेवर त्याचे थर चढवते. शंख वाढतो तो फक्त या कडेला. म्हणून टोकाची चिमुकली वेटोळी हे प्राण्याचे बालपणीचे घर, तर मुखाजवळचे मोठे वेटोळे सर्वांत नवे. सगळी वेटोळी एका मधल्या खांबाभोवती फिरलेली असतात. या खांबाला स्तंभिका म्हणतात. मुखातून आत पाहा. स्तंभिकेवर तीन-चार ठळक आडवे कंगोरे दिसतील. ही खूण लक्षात ठेवा.

समुद्रातला जिवंत शंख मात्र पांढराशुभ्र दिसत नाही. त्याच्यावर तपकिरी साल असते. ती काढून घासल्यावरच आतला पांढरा रंग दिसतो.

राहतो कोठे?

मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात ही शंखाची प्रसिद्ध ठिकाणे. मन्नारच्या आखातात सुमारे 10 ते 20 मीटर खोलीवर, वाळूच्या तळावर तो राहतो. वाळूतले किडे हे त्याचे अन्न. शंखाच्या निमुळत्या बाजूला जी पन्हळ दिसते, तिच्यातून प्राणी एक मऊ नळी बाहेर काढतो. या नळीतून पाणी कल्ल्यांकडे येते आणि त्याबरोबर भक्ष्याचा वासही कळतो.

शंखाची मादी मेंढ्याच्या शिंगासारखी पिळदार, कप्प्याकप्प्यांची अंडकोशिका वाळूत रोवते. पुष्कळ सागरी गोगलगायींची पिले प्रथम पाण्यात तरंगत दूरवर जातात. शंखाची पिले मात्र कोशिकेतून बाहेर येतात ती सरपटतच. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे शंख अतोनात काढले, तर दुसरीकडून पिले वाहत येऊन ती जागा भरून निघत नाही. लहान शंख पुन्हा समुद्रात सोडावेत, असा नियम मासेमारीत करावा लागतो, तो यासाठीच.

माणसाला या कवचाचे आकर्षण जुने आहे. कच्छच्या आखाताजवळील नागेश्वर येथे 4,000 वर्षांपूर्वीच्या हडप्पा संस्कृतीतील लोक याच शंखाच्या बांगड्या कापत असत. बंगालमधील विवाहित स्त्रिया आजही शंखाच्या बांगड्या घालतात.

आता खरी परीक्षा

शंखाचे टोक वर आणि मुख स्वतःकडे करून धरा. मुख तुमच्या उजव्या हाताला येईल. प्राणिशास्त्रात याला उजवा शंख म्हणतात. आता तोच शंख टोक खाली करून धरा. मुख अजूनही तुमच्याकडेच असू द्या. ते डावीकडे गेले! आपली परंपरा शंख असा धरून पाहते, म्हणून हाच साधा शंख तिच्या भाषेत वामावर्ती ठरतो. याच्या उलट फिरलेला, म्हणजे शास्त्राच्या भाषेत डावा, तो दक्षिणावर्ती.

उलटा शंख हा चमत्कार नव्हे. वेटोळ्याची दिशा अंड्याच्या पहिल्या काही विभाजनांतच ठरते. गोड्या पाण्यातील लिम्निया या गोगलगायीमध्ये एक जनुक निकामी केल्यावर उजव्यांच्या वंशात डावी पिले जन्मली, असे जपानी शास्त्रज्ञांनी 2019 साली दाखवून दिले.

टर्बिनेलाचा दक्षिणावर्ती शंख फार दुर्मिळ. त्यामुळे त्याला भारी किंमत येते, आणि तेथेच लबाडी शिरते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर व मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाची एक वेगळी सागरी गोगलगाय आढळते. तिची कवचे स्वभावतःच डावी असतात. तिच्यात उजवे कवच हाच अपवाद! ही कवचे घासूनपुसून 'दक्षिणावर्ती शंख' म्हणून विकली जातात. वरचे रंग आणि उंचवटे घासून काढता येतात, पण आत टर्बिनेलाचे कंगोरे कोठून आणणार? व्हेल्कची स्तंभिका जवळजवळ गुळगुळीत असते. शिवाय तिची पन्हळ लांब व कवच वजनाला हलके असते.

तेव्हा, मित्रांनो, कोणी असा शंख दाखवला तर किंमत विचारण्याआधी त्याच्या मुखात डोकावून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक शिंपल्या-शंखाचे मुख कोणत्या बाजूला आहे, याचीही नोंद करा. डावा सापडला, तर तो कोणत्या जातीचा, हे आपल्या शिक्षकांच्या मदतीने शोधा.