वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम

इसवी सन 900 च्या आगेमागे राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ हे प्राकृत नाटक लिहिले. त्याच्या आरंभीच तो काव्यरीतींची नावे घेतो, आणि त्यांत पहिले नाव आहे वच्छोमी. संस्कृत पंडित जिला वैदर्भी म्हणतात, तीच ही रीत. प्राकृतात मात्र तिला अख्ख्या विदर्भाचे नाव न मिळता एका नगराचे मिळाले. ते नगर वच्छोम, म्हणजे आजचे वाशीम. ‘काव्यमीमांसा’त तर राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाहही याच गावी लावून दिला. अमरावती-अकोल्याला हा मान मिळालेला नाही!

मूळ संस्कृत नाव वत्सगुल्म. वत्स म्हणजे वासरू किंवा बाळ. गुल्म हा शब्द मात्र थांग लागू देत नाही. वनस्पतिशास्त्रात तो झुडूप, वैद्याकडे पोटातला गोळा, आणि महाभारतातल्या सैन्यगणनेत चक्क एक तुकडी: 9 हत्ती, 9 रथ, 27 घोडे, 45 पायदळ. वत्स नावाच्या ऋषीने तप केले आणि त्याच्या आश्रमापाशी देवांचा गुल्म, म्हणजे समुदाय, येऊन राहिला, असे स्थळमाहात्म्य सांगते. कामसूत्रावरची ‘जयमंगला’ टीका देवांना मध्ये आणत नाही; तिच्या मते वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातले दोन राजपुत्र, सख्खे भाऊ. ‘कथासरित्सागरा’त याच नावांचे दोन भाऊ ‘बृहत्कथा’कार गुणाढ्याचे मामा म्हणून भेटतात. नाव आधी आणि कथा मागाहून, असाच हा प्रकार दिसतो. गावाला नाव चिकटले की त्याचा अर्थ लावणारे पुराणिक मिळतातच.

कथा बाजूला ठेवल्या तरी तांबे उरते. 1939 मध्ये वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. राजवटीच्या 37 व्या वर्षी दिलेले हे दानपत्र वत्सगुल्माहून निघाले आहे. वाकाटकांची एक वेगळी शाखा इथून राज्य करीत होती, हे त्यामुळे पक्के झाले आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखातली नावे नीट लावता आली. वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी या पत्र्यांवर बरीच मेहनत घेतली. त्यांतली भाषाही पाहण्यासारखी आहे: वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यवहारी मजकूर प्राकृतात. घराण्याचा मोठेपणा सांगायला एक भाषा, जमीन द्यायला दुसरी. याच विंध्यशक्तीचा बाप सर्वसेन. त्याने ‘हरिविजय’ हे काव्य लिहिले तेही महाराष्ट्री प्राकृतात. काव्य आज हाती नाही, पण आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याची दखल घेतली आहे.

आता वत्सगुल्माचे वाशीम कसे झाले? प्राकृतात ‘त्स’चा ‘च्छ’ होतो, म्हणून वत्सचे वच्छ. गुल्ममधला ‘ल्म’ विरघळून ‘म्म’ झाला, दोन स्वरांमधला ‘ग’ गळाला, उरलेले अ आणि उ मिळून ‘ओ’ झाला. झाले वच्छोम. पुढे मराठीने आपला नेहमीचा कारभार केला: ‘च्छ’चा ‘स’ केला आणि आधीचा स्वर लांबवला. मत्स्य, मच्छ, मासा ही तीच वाट. गोठ्यातले वासरूही वत्सापासूनच आलेले. वाशीममधला ‘वा’ आणि वासरातला ‘वा’ एकाच घरचे. पण मग वासीम का नाही? कारण इ-ईच्या शेजारी मराठीत ‘स’ला ‘श’ व्हायची खोड आहे.  म्हैसचे अनेकवचन म्हशी आठवावे.

इंग्रजांनी या नावाचे ‘बासिम’ केले. वऱ्हाडातला त्यांचा बासिम जिल्हा 1905 मध्ये मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्यात विरला. स्वतंत्र वाशिम जिल्हा पुन्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी.

राहिला प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. सरकारी पाट्यांवर ‘वाशिम’ असते. मराठीच्या लेखननियमाप्रमाणे अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार दीर्घ असतो: गरीब, वकील, जमीन. तत्सम शब्दांना यातून सूट आहे. पण वाशीम हा तत्सम नाही, हे तर वरच्या सगळ्या प्रवासाने दाखवलेच. म्हणून वाशीम, वाशीमला, वाशीमकर. ‘नागपूर, पण नागपुरात’ या न्यायाने ‘वाशिमात’ लिहिताना तेवढा इकार ऱ्हस्व करावा. वऱ्हाडीत ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो, त्यामुळे मंगरुळपीरचा माणूस ‘वाशीमले जातो’ म्हणेल, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काडीची चूक नाही.

गावचे लोक अभिमानाने वत्सगुल्म हे नाव मिरवतात. मिरवावेच. पण आजचे नाव ज्याच्या पोटी जन्मले, ते वच्छोम जिल्ह्यातल्या मुलांच्या कानावरही पडत नाही. शाळांच्या स्थानिक इतिहासात राजशेखराच्या त्या एका शब्दाला जागा मिळायला हवी.