पलटण सुटल्यावर
एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या महार शिपायाला पलटणीत हुद्दा होता, पगार होता, शिक्षण होतं. तिथे सैनिकांच्या मुलामुलींसाठीही शाळा असत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. गावात मात्र जुनं वतन तसंच होतं: सांगावे पोचवा, मेलेली गुरं ओढा आणि बलुत्यावर जगा. म्हणून कित्येकांनी गाव टाळून दापोलीसारख्या लष्करी वस्तीत घरं केली. दरमहा येणारी पेन्शन गावकीच्या मर्जीवर नव्हती, आणि त्यांच्या पुढच्या धडपडीचा खरा पाया मला तिथेच दिसतो. १८८६ साली निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. लढाऊ जातींच्या सिद्धान्तापायी १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती थांबली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली त्यांनी अर्जही तयार केला. रोजच्या भाकरीसाठी पाटलाच्या दारी उभं राहावं लागलं असतं, तर हे लिहायची मोकळीक त्यांना कुठून मिळाली असती?

पेन्शनने पोट सुटं केलं, दारं मात्र उघडली नाहीत. दापोलीच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावं म्हणून याच पेन्शनरांना सरकारकडे दाद मागावी लागली, आणि प्रवेश मिळाल्यावरही मुलं बसली ती व्हरांड्यात. १९०१ साली सुभेदार रामजींची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, गाडीभाड्याला खिशात पैसे. पण जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं आणि बैल हाकले मुलांनीच. जवळ जेवण होतं, पण वाटेत पाणी मिळालं नाही. लष्कराने वडिलांचा हिशोब चोख केला होता. कमी पडला तो पलटणीबाहेरचा समाज, आणि निवृत्त सैनिकाच्या पुनर्वसनाचं खरं काम तिथेच असतं.

या पुनर्वसनात जात लक्षात घ्यावी म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो: सैन्य जात पाहत नाही, मग माजी सैनिकांना मदत करताना ती का पाहायची? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो बराकीपुरता खरा आहे. सारख्याच पेन्शनीवर घरी आलेल्या दोघांपैकी एकाकडे विहिरीची जमीन, बाजारपेठेत भावाचं दुकान आणि सोसायटीत ओळख असते. दुसऱ्याकडे भूमिहीन आईबाप आणि सावकाराचं कर्ज. मदत सारखी, पण तिचं फळ सारखं कसं येईल? दुसरा आक्षेप असा की काळ बदलला, वतनं १९५८च्या कायद्याने गेली, अस्पृश्यता संविधानाने गुन्हा ठरवली. ते खरंच आहे, आणि फार मोठं आहे. तरी जमीन, भांडवल आणि ओळखीपाळखी कायद्याने वाटल्या जात नाहीत. निवृत्त जवानाला चाळिशीच्या आतबाहेर दुसरा धंदा शोधावा लागतो, तेव्हा नेमक्या याच गोष्टी लागतात.

सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न आणखी तीव्र केला आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या मूळ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर सेवेत राहतात. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. पण दापोलीच्या पेन्शनरांचा जो एकमेव आधार होता, तोच इथे काढून घेतला गेला. एकरकमी पैसा ज्याच्या घरात आधीच भांडवल आहे त्याच्याकडे वाढतो. नसलेल्याच्या घरी तो बहिणीचं लग्न, घराचं छप्पर आणि जुनं देणं यांत संपतो. त्यात उधळपट्टी काही नाही, त्या घराची ती वर्षानुवर्षं तुंबलेली गरज असते. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी या मुलांची नोंद सेवा संपण्याआधीच करायला हवी, दर्जाचा नियम आड न आणता. तालुक्याला एखादा निवृत्त सुभेदार नेमून त्याने बँकेत, आयटीआयमध्ये, कारखान्याच्या भरतीला त्यांच्यासोबत जावं, आणि निदान दोन वर्षं त्यांच्या घरी जाऊन काम टिकलं का हे पाहावं.